पाखरं राखणारी सीडी

मी एक सीडी बोलतेय. जाणकार मला डीव्हीडी म्हणतील, पण आमच्या वस्तीवर गोल आणि चकाकती दिसेल ती प्रत्येक तबकडी सीडीच. मलाही आता त्या नावाची सवय झाली आहे. पाथर्डीच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला पत्र्याचं एक घर आहे, त्या घरातल्या खिळ्यावर मी टांगलेली असते.

एवढं बोलायचं कारण असं की माझ्या पोटात एक गाणं अडकलं आहे. ज्या बाईसाठी ते म्हटलं गेलं, तिच्यापर्यंत ते पोचलं नाही. म्हणणारी आता या जगात नाही, आणि मला तर तोंडच नाही.

माझा जन्म तालुक्याच्या गावातल्या एका फोटो स्टुडिओत झाला. शाळेच्या स्नेहसंमेलनाचं शूटिंग माझ्यात भरलं, अंगावर मार्करने 'स्नेहसंमेलन' लिहिलं आणि मला कागदी पाकिटात घातलं. माझ्यासारख्याच आणखी बहिणी त्या दिवशी निघाल्या, घरटी एक. आमच्याकडे संमेलन असतं थंडीत, आणि थंडीत अर्धी वस्ती असते कारखान्याला, ऊसतोडीवर. पोरं नाचतात स्टेजवर आणि समोर टाळ्या वाजवायला बसतात आजे-आज्या. म्हणून शाळेतल्या स्नेहल मॅडमनी ठरवलं की शूटिंग करायचं, म्हणजे आई-बापांना परत आल्यावर तरी बघायला मिळेल.

मी ज्या घरात आले तिथं रंगनाथ आणि चांगुणा हे नवरा-बायको होते आणि त्यांची नात निकिता होती. मुलगा वैजनाथ आणि सून सुरेखा तोडणीला गेलेले. निकिता तिसरीत होती. हिरवं नऊवारी नेसून ती नाचली होती आणि तो नाच माझ्या मधोमध होता. अगदी शेवटी, बक्षिसं वाटून झाल्यावर, आणखी एक गोष्ट होती. मॅडमनी अचानक माईकवरून सांगितलं की पोरांना सांभाळतात त्या आज्यांपैकी कुणीतरी वर यावं. बायांनी चांगुणेला ढकललं. ती पदर सावरत स्टेजवर गेली आणि तिथल्या तिथं जुळवून ओवी म्हणाली.

गंमत अशी की ती कुणालाच नीट ऐकू गेली नाही. माईक तिनं विंचू धरावा तसा अंगापासून लांब धरला होता, आणि भोंगा नुसता किर्र करत होता. लोक हसले, टाळ्या वाजल्या, चांगुणा तोंडाला पदर लावून खाली उतरली. पण शूटिंगवाला कॅमेरा घेऊन स्टेजच्या पायरीशीच उभा होता. त्याच्या कॅमेऱ्याने शब्द न् शब्द धरला. ते सगळं माझ्यात आलं.

चांगुणेच्या घरात सीडी चालवायचं यंत्र नव्हतं. तिनं मला सरळ खिडकीजवळच्या खिळ्यावर टांगलं, चकाकती बाजू बाहेर. घरातला आरसा तडकलेला होता. ती रोज सकाळी माझ्यात बघून कुंकू लावायची. कपाळावरचं गोंदण, डाव्या डोळ्याखालचा तीळ, विरळ झालेला भांग असं सगळं मी रोज जवळून बघत होते. मला तर गंमतच वाटायची, कारण एक चांगुणा माझ्या समोर असायची आणि एक पोटात.

उन्हाळ्यात कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे उसाचं गाळप संपलं, आणि वैजनाथ-सुरेखा घरी आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला शेजाऱ्यांच्या टीव्हीवर लावलं. निकिता पडद्यावर आली तशी सुरेखा पुढे सरकत सरकत पार टीव्हीला चिकटली. नाच संपला आणि चांगुणा ताडकन उठली.

"बंद करा आता. म्होरं काय न्हाई."

"आत्या, आजून हाय की," सुरेखा म्हणाली.

"भाषनं हायती मास्तरांची. जा, भाकरी टाक. आन् जाड थापू नको कालच्यावानी."

सुरेखा मान खाली घालून उठली. मला तेव्हा चांगुणेचा भारी राग आला होता. एवढं गोड बोलणं पोटात ठेवायचं आणि ओठावर नुसता खराटा! पण माणसांची हीच तऱ्हा मी नंतर पुष्कळ पाहिली. जे बोलायला जीव तुटतो ते गर्दीत, माईकवर, कुणाला ऐकू येत नसताना बोलतात. आणि समोर माणूस असला की भाकरीची जाडी काढतात. सुरेखाला मात्र खरंच वाटायचं की सासूला आपण आवडत नाही. तसं ती शेजारणीला म्हणालीही होती, मी खिळ्यावरून ऐकलं आहे.

दसरा झाला. तोडणीची टोळी निघायचे दिवस आले की आमच्याकडे एक काम सगळे न चुकता करतात. तिखट-मीठ, पांघरुणं, कोयते बांधून झाले की पाथर्डीला जाऊन मोबाईलचं मेमरी कार्ड भरून आणतात. सहा महिने फडात, पाचटाच्या कोपीत राहायचं. दिवसभराच्या कामानंतर काहीतरी बघायला, ऐकायला लागतंच. एसटी स्टँडसमोर गोरक्षनाथचं दुकान होतं. बाहेर पाटी, 'कार्ड भरून मिळेल', आणि आत एक कॉम्प्युटर. वैजनाथ मला खिशात घालून तिथं घेऊन गेला. बाजार करायचा म्हणून म्हातारा-म्हातारीही बरोबर होते.

"ही मोबाईलात भरायची," वैजनाथ म्हणाला. "पोरगी हाय हिच्यात आमची."

"भरू की. पन ही आशीच न्हाई चालत मोबाईलात, कन्व्हर्ट करावी लागती," गोरक्षनाथ म्हणाला.

चांगुणेनं विचारलं, "म्हंजी रं काय?"

"आता कसं सांगू मावशी? जवारी आशीच खाता का तुमी? दळून घेता. तसं ह्ये बारीक दळायचं. मोबाईल बारका, त्येच्या घशाखाली बारीकच उतरतं."

चांगुणेला हे पटलं. दळणकांडणात तिचा जन्म गेला होता. गोरक्षनाथने मला कॉम्प्युटरच्या कप्प्यात सरकवलं आणि कार्ड लावून बघितलं. कार्डात आधीच टोळीसाठी सिनेमे आणि भजनं भरलेली. जागा थोडीच उरली होती.

"सगळी न्हाई बसायची. पोरीचा नाच तेवढा कापून घिऊ का?"

वैजनाथ घुटमळला. "मागं-म्होरं काय हाय?"

"काय नसतंय," चांगुणा घाईने म्हणाली. "पीठ तेवढं घ्या, कोंडा कशाला भरताय?"

रंगनाथने तिच्याकडे बघितलं. त्याला माहीत होतं शेवटी काय आहे. सगळे शब्द माहीत नव्हते, पण बायको स्टेजवर चढली होती हे त्याने डोळ्यांनी बघितलं होतं. तो काहीतरी बोलणार होता. पण चांगुणेनं डोळे वटारले आणि तो गडी मिशीत हसून गप्प बसला. स्वतःला कोंडा म्हणणारी ही बाई! मी त्या कप्प्यात फिरत होते, तोंड असतं तर तिथंच ओरडले असते.

कॉम्प्युटरवर एक पट्टी हळूहळू भरत गेली. निकिताचा नाच बारीक होऊन नखाएवढ्या कार्डात जाऊन बसला. हिरवं नऊवारी, पायातले चाळ, सगळं होतं, पण काडेपेटीएवढं. वैजनाथने मोबाईल हातात घेऊन तो नाच लावला आणि त्याचे डोळे भरून आले. मला पुन्हा पाकिटात घातलं. काम झालं होतं, मला आता कोण विचारतंय!

ते दोघं तोडणीला गेले. इकडे ज्वारी पोटरीतून निसवली, कणसात दाणा भरला आणि पाखरांच्या झुंडी उतरायला लागल्या. रंगनाथच्या हातात आता गोफण फिरवायचा जोर राहिला नव्हता. एका सकाळी चांगुणेनं मला खिळ्यावरून काढलं.

"ही न्हेऊन बांधा जवारीत. चकाकली की पाखरं भेत्यात."

"आगं, पोरीचा नाच हाय हिच्यात."

"त्यो गेला की मोबाईलात. आता ही काय पुजायची?"

"आन् तुझं गं?" रंगनाथने हळूच विचारलं.

"माझं काय सोनं लागलंय? मी हाय की हितं जित्ती. ऐकायचं आसलं तर आत्ता म्हनते."

"म्हन मंग."

"व्हा तिकडं!" ती हसली. मग तो म्हणाला, "आगं पन कुकू कशात बघून लावशील?"

"जलम गेला लावन्यात. कपाळ काय जागा सोडतंय व्हय?"

रंगनाथने माझ्यात सुतळी ओवली, बांबू रोवला आणि मला बांधलं. वाऱ्यावर मी गरागरा फिरायला लागले आणि पाखरं खरोखर उठली. म्हातारा इतका खूश झाला की संध्याकाळी पारावर त्याने सगळ्यांना सांगितलं. आठवड्याभरात घरोघरच्या माझ्या बहिणी रानात आल्या. सगळ्यांचंच दळण मोबाईलात गेलं होतं. कुणाच्या शेतात संमेलन, कुणाच्या शेतात लग्न, कुणाच्या बांधावर बारसं, सगळं उन्हात चमकत होतं. खोटं कशाला बोलू, मलाही सुरुवातीला मजा वाटली. पण ऊन माझ्या अंगात शिरत होतं. वारा सुटला की मी बांबूवर आपटायचे आणि कडेला चरे पडायचे. माझी सुरुवात असते आत, मधल्या भोकाजवळ, आणि शेवट असतो बाहेर, कडेला. चांगुणा माझ्या कडेला होती.

ज्वारीनंतर बाजरी आली, बाजरीनंतर पुन्हा ज्वारी. मी रानातच राहिले.

त्या दुसऱ्या थंडीत चांगुणेला ताप भरला. छातीत कफ झाला, दवाखान्यात नेलं, आणि तिथून ती चालत परत आली नाही. वैजनाथ-सुरेखा तिकडे लांब, पार कर्नाटकाच्या अंगाला होते. निरोप पोचून, मुकादमाला विनवून, गाड्या बदलत ते आले तेव्हा चिता विझली होती. वैजनाथ दारातच बसला.

"आईचं त्वांड सुदिक दिसलं न्हाई मला," एवढंच तो म्हणत राहिला.

दहाव्यासाठी फोटो पाहिजे होता. घरात चांगुणेचा एकही फोटो नव्हता. आधार कार्डावरचा होता, पण त्यात ती घाबरून बघत होती आणि निम्मं तोंड काळं आलं होतं. तेव्हा निकिता म्हणाली, "आजी सीडीत हाय की! म्या नाचले त्या दिवशी आजी वर गेल्ती."

वैजनाथने मोबाईल काढला. नाच लावला. नाच संपला की चित्र तुटत होतं, तिथंच तर कापलेलं. त्याने पुन्हा लावला, समोर बसलेल्या गर्दीत आई दिसते का बघायला. पण एवढ्याशा पडद्यावर माणसांची डोकी तिळाएवढी. दुसऱ्याच्या मोठ्या मोबाईलवर घालून वाढवून बघितलं, तर तिळाचे नुसते चौकोन झाले. बारीक दळलेल्या पिठाची पुन्हा ज्वारी होत नाही.

"आसली सीडी कुठं हाय?" वैजनाथने विचारलं.

रंगनाथ उठला आणि अनवाणीच रानाकडे चालायला लागला. माझ्याजवळ आला, सुतळीची गाठ सोडायला लागला. गाठ त्यानेच मारलेली, पण त्याला ती सुटेना. शेवटी त्याने दातांनी तोडली. मला धोतराच्या सोग्याने पुसलं, पुन्हा पुसलं. "ह्या हातानं बांधली म्या तुला," तो म्हणत होता. मला म्हणत होता की तिला, कुणास ठाऊक.

वस्तीला कळलं तशी माणसं आपापल्या रानात गेली. ज्याने त्याने आपली सीडी सोडून आणली. साळूबाई नावाची शेजारीण तर पदरात चार-पाच घेऊन आली, दुसऱ्यांच्या बांधावरच्यासुद्धा. पिशवी भरली. शाळेत विचारलं, तिथली प्रत सापडली नाही. स्नेहल मॅडमची बदली झालेली, फोनवर त्यांना एवढंच आठवलं की आजी फार गोड म्हणाल्या होत्या, शब्द भोंग्यात गेले. शूटिंगवाला म्हणाला की लग्नसराई आली की तो जुनं पुसून टाकतो. त्याचंही बरोबर आहे, तो कुणाकुणाचं साठवून ठेवणार?

पिशवी घेऊन सगळे गोरक्षनाथकडे गेले. त्याचं दुकान बदललं होतं. मोबाईलची कव्हरं आणि काचा टांगल्या होत्या, कार्ड भरायला आता कुणी येत नव्हतं. जुना कॉम्प्युटर त्याने माळ्यावरून काढला, धूळ झटकली आणि एकेक सीडी घालायला लागला. माझ्या बहिणी आत जायच्या, घर्र घर्र करायच्या आणि गप्प बाहेर यायच्या. कुणाच्या अंगात आता काहीच उरलं नव्हतं. शेवटी माझी पाळी आली.

मी जीव तोडून फिरले. खरं सांगते, आयुष्यात एवढी कधी फिरले नव्हते. पडद्यावर दीपप्रज्वलन आलं. पाहुण्यांचं भाषण आलं. निकिताचा नाच आला, मोठा आणि स्वच्छ, आणि सुरेखाने हुंदका दिला. बक्षिसं आली. मॅडमचा आवाज आला, "आता मी चांगुणाआजींना विनंती करते…" गर्दीतून एक बाई उठली. पाठमोरी. तिनं पदर डोक्यावर ओढला, पायरीवर एक पाय ठेवला.

आणि मी अडकले.

गोरक्षनाथने मला काढून पुसलं, टूथपेस्ट लावून घासलं, पुन्हा घातलं. दुसऱ्या यंत्रात घातलं. पुन्हा पुन्हा तीच पायरी आणि तोच पाय. पुढचं सगळं माझ्यात आहे, मला आतून लख्ख ऐकू येतंय, पण ते यंत्राला वाचता येत नव्हतं. तोंडावर हात दाबून धरल्यासारखी माझी गत झाली होती.

"काका, म्होरं न्हाई जात," गोरक्षनाथ खाली बघत म्हणाला.

रंगनाथ पडद्याच्या अगदी जवळ गेला. "तीच हाय," तो म्हणाला. "चालनं तिचंच हाय. एवढं तरी दे बाबा भरून."

गोरक्षनाथने तेवढा तुकडा कापला आणि वैजनाथच्या मोबाईलात भरला. आईची पाठ, आणि पायरीवरचा पाय. वैजनाथ तो तुकडा आजही बघतो. बघणारा कुणीही म्हणेल की बाई आता वळेल, पण ती वळत नाही.

बाहेर आल्यावर सुरेखाने सासऱ्याला विचारलं, "आबा, आत्या काय म्हनल्या हुत्या वर जाऊन?"

"भोंगा किरकिरत हुता गं. तुझं नाव तेवढं आलं कानावर."

"माझं?" सुरेखा थांबली. मग तिचा चेहरा उतरला. "माझं नाव घिऊन आन् काय म्हनल्या असतील? भाकरीचं गाऱ्हानंच गायलं आसंल गावाम्होरं. म्हनून तर बंद केली त्या दिवशी टीव्ही."

"आसं नगं म्हनू. चांगलंच म्हनली आसंल."

"तुमी बी काय आबा, तुमी चांगलंच म्हननार." एवढं बोलून ती एसटीकडे चालायला लागली.

तेव्हा माझ्या काळजाचे तुकडे झाले. मला काळीज नाही म्हणणाऱ्याने त्या दिवशी माझ्या जागी असायला हवं होतं.

रंगनाथने मला परत रानात नेलं नाही. पाखरांनी ज्वारी खाल्ली, खाऊ दिली. चांगुणा जिथं टांगायची त्याच खिळ्यावर त्याने मला टांगलं. तो कधीतरी समोर येऊन उभा राहतो, पण माझ्यात त्याला त्याचंच तोंड दिसतं आणि तो बाजूला होतो. तोडणीला परत जायच्या दिवशी सुरेखा आली. तिनं माझ्यात बघून कुंकू लावलं, सासू लावायची तसंच, मान जरा तिरकी करून. ती इतकी जवळ होती की तिचा श्वास माझ्यावर धुरकट उमटला. तिचं नाव घातलेली ओवी माझ्या कडेला होती, तिच्या कपाळापासून चार बोटांवर. तिनं टिकलीएवढं कुंकू पुसून नीट केलं, पदर खोचला आणि गेली.

माझा रंग आता उडालाय. चकाकीही फार दिवस टिकायची नाही. एक दिवस मी भंगारात जाईन, त्याचं मला दुःख नाही. पण तुम्हाला वाचता येतं, तुम्हाला तोंड आहे, म्हणून ती ओवी तुमच्या हवाली करते. चांगुणा असं म्हणाली होती:

उसाच्या गं फडाला, गेली सुरेखा माझी सून
दिवा लाविते दारात, तिच्या वाटंकडं बघून
लेक म्हनाया लाजले, सारा जलम गेला बाई
सुरेखावानी लेक, माझ्या पोटी आली न्हाई

उन्हाळ्यात पट्टा पडला की ती घरी येईल. पाथर्डीकडून डोंगराच्या अंगाला आलात तर पत्र्याचं घर विचारा, रंगनाथआबांचं म्हणून कुणीही सांगेल. सुरेखा चुलीपुढे भाकरी थापत असेल. तिला बाहेर बोलवा आणि एवढं म्हणून दाखवा. हळू म्हटलं तरी चालेल, पण तिच्या तोंडावर म्हणा.